अमेरिकन आर्मीतलं डेंटल असिस्टंटचं ट्रेनिंग – इथे कोणी केलंय का?

अनुराधा_क

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकन आर्मीत भरती होतोय. हायस्कूल संपलं, लगेच कॉलेजात जायचं नाही असं त्याचं आधीपासून चाललं होतं, आणि परवा एकदम ६८ई या ट्रेडचा करार करूनच घरी आला. ६८ई म्हणजे डेंटल स्पेशालिस्ट. डॉक्टरांच्या शेजारी बसून मदत करणं, एक्स-रे काढणं, हत्यारं निर्जंतुक करणं, इतपत आम्हाला कळलंय. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात आजवर कोणी वर्दी चढवलेली नाही, त्यामुळे बहीण आणि मेहुणे दोघंही हवालदिल आहेत. विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता, म्हणून धागा काढतेय.

बेसिक ट्रेनिंग झाल्यावर दातांचं शिक्षण किती दिवस आणि कुठे असतं? नुसतं वर्गात बसून की थेट रुग्णांवर? शाळेत त्याला बायॉलॉजी कधी फारशी आवडली नाही, तर झेपेल का? मुख्य म्हणजे करार संपल्यावर बाहेर या शिक्षणाला काही किंमत आहे का? रिक्रूटरने त्याला सांगितलंय की बाहेर पडल्यावर डेंटल हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारे) म्हणून सहज काम मिळतं. हे खरं आहे का?

तो डावखुरा आहे. त्याने काही अडतं का, हाही त्याचा स्वतःचा प्रश्न आहे.

सह्यकडा

अनुराधाताई, मी ६८ई होतो. करार पूर्ण करून बाहेर पडलो, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे, पण त्या कामावर माझा अजूनही जीव आहे. सविस्तर लिहितो.

आधी बेसिक, दहा आठवडे. तिथे ट्रेडचा काही संबंध नसतो. पायदळात जाणारा आणि दंत विभागात जाणारा एकाच रांगेत रायफल साफ करतात. दातांचं बोलायचं तर सुरुवातीलाच त्याच्या स्वतःच्या तोंडाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे निघेल आणि तपासणी होईल. तो एक्स-रे कायमचा फायलीत राहतो. एखाद्या जवानाची ओळख पटवायची वेळ आली तर तोच कामी येतो. पुढे असे एक्स-रे तो स्वतः काढणार आहे, तेव्हा ते कशासाठी काढतात हे त्याला आत्ताच माहीत असलेलं बरं.

त्यानंतर एआयटी, म्हणजे ट्रेडचं शिक्षण. सुमारे दोन-अडीच महिने, टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला. तिथे मेडिकल एज्युकेशन अँड ट्रेनिंग कॅम्पस आहे, सगळे त्याला 'मेटसी' म्हणतात. लष्करी तळांची फेररचना करायचा निर्णय २००५ साली झाला, त्यात तिन्ही दलांचं वैद्यकीय प्रशिक्षण एका जागी आणायचं ठरलं आणि २०१० पासून हा कॅम्पस चालू झाला. त्यामुळे जेवायच्या रांगेत आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स असे तिन्ही गणवेश दिसतात.

एआयटीत बेसिकपेक्षा मोकळीक असते, पण ती टप्प्याटप्प्याने मिळते. सुरुवातीला फोन, बाहेर जाणं, साधे कपडे, सगळ्यावर बंधनं. पहाटे पीटी, मग फॉर्मेशन, वर्गापर्यंत मार्च करत जायचं, दिवसभर तास, संध्याकाळी अभ्यासिका. थकवा शारीरिक कमी आणि डोक्याला जास्त, कारण थोड्या आठवड्यांत फार मोठा अभ्यासक्रम कोंबलेला असतो आणि परीक्षा पाठोपाठ येतात. नापास झाला तर फेरपरीक्षा असते. तीही गेली तर मागच्या बॅचबरोबर बसवतात, आणि तरीही जमलं नाही तर ट्रेड बदलतो. तो बदललेला ट्रेड आर्मी आपल्या गरजेप्रमाणे देते, मुलाच्या आवडीप्रमाणे नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोजचा अभ्यास रोज करायचा, हे त्याच्या मनावर बिंबवा.

बायॉलॉजीची काळजी सोडा. ६८ईसाठी अ‍ॅसव्हॅब या सैन्यभरतीच्या परीक्षेत स्किल्ड टेक्निकल या गटात ९१ गुण लागतात. करार झालाय म्हणजे तेवढे त्याने मिळवलेत.

बाकीचं रात्री लिहितो, ड्यूटीवर आहे.

गोदाकाठ

चांगला विषय. माझी मुलगी नेव्हीत कॉर्प्समन, म्हणजे वैद्यकीय मदतनीस, आहे, म्हणून एक माहिती इथे नोंदवते, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नेव्हीत डेंटलसाठी वेगळा ट्रेड नाही. पूर्वी डेंटल टेक्निशियन अशी स्वतंत्र रेटिंग, म्हणजे ट्रेड, होती, ती २००५ साली हॉस्पिटल कॉर्प्समनमध्ये विलीन केली. आता आधी कॉर्प्समन व्हायचं, तेही शिक्षण मेटसीतच, आणि मग दंत विभागात निवड झाली तर पुढचं शिक्षण. नाही झाली तर वॉर्ड, जहाज किंवा मरीन सैनिकांबरोबरची तुकडी. मरीन कोअरला स्वतःचे वैद्यकीय कर्मचारी नसतात, त्यांचं सगळं नेव्ही बघते. ज्याला दातांचंच काम हवंय त्याने हे समजून करार करावा. तुमच्या भाच्याला आर्मीने करारातच ट्रेड लिहून दिलाय, ही जमेची बाजू आहे.

नभांगण

विरोधासाठी विरोध म्हणून विचारत नाही, मनापासून विचारतोय. डेंटल असिस्टंटचा कोर्स बाहेर काही महिन्यांत होतो. अनेक राज्यांत तर डॉक्टर स्वतःच कामावर ठेवून शिकवतात. मग त्यासाठी सैन्यात कशाला जायचं? करार चार वर्षांचा दिसत असला तरी एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते, उरलेली वर्षं राखीव दलात नाव राहतं आणि गरज पडली तर बोलावू शकतात. हे मुलाला कोणी नीट सांगितलंय का?

सह्यकडा

नभांगण, आठ वर्षांचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो करारात लिहिलेला असतो. ताई, बहिणीला आणि मेहुण्यांना तो कागद त्याच्यासोबत बसून वाचायला सांगा.

कशाला जायचं, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. नुसतं डेंटल असिस्टंट व्हायचं असेल तर सैन्य हा लांबचा रस्ता आहे, हे मलाही मान्य. ज्याला सैन्यात जायचंच आहे आणि हातात कौशल्यही हवंय, त्याच्यासाठी हा फार चांगला ट्रेड आहे. फी नाही, शिकताना पगार, आणि पुढच्या शिक्षणाला जीआय बिल, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत. छत्तीस महिने सक्रिय सेवा झाली की त्याचा पूर्ण लाभ मिळतो, आणि तो लाभही छत्तीस महिन्यांच्या शिक्षणाचा असतो.

आता अभ्यासक्रमाबद्दल.

सुरुवात दातांच्या नकाशापासून. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात. वरच्या जबड्यात उजवीकडच्या अक्कलदाढेपासून १, तसंच वरून डावीकडे जात १६. मग खाली डावीकडच्या अक्कलदाढेला १७ आणि तिथून उजवीकडे येत ३२. रुग्णाची उजवी बाजू म्हणजे आपल्या समोरची डावी, इथे पहिल्या दिवशी सगळ्यांचाच घोळ होतो. प्रत्येक दाताच्या पाच बाजू, त्यांची नावं, त्यांची आद्याक्षरं. डॉक्टर तोंडात बघत भराभर बोलतात, 'तीन, एमओडी, अमॅल्गम' (म्हणजे तिसऱ्या दाताच्या तीन बाजूंवर अमॅल्गमचं भरण), आणि ते तुमच्या हातून चार्टवर अचूक उतरायला हवं. हे पाठांतर आहे आणि ते आत्ता घरीच करता येतं. स्वतःच्या तोंडात बोट फिरवून १ ते ३२ म्हणायला सांगा. मधलाच एखादा क्रमांक विचारला की दात लगेच सापडायला हवा.

मग हत्यारं. शेकडो, आणि लांबून सगळी एकसारखीच दिसतात. नाव, उपयोग, कोणत्या ट्रेमध्ये कितव्या जागी. मग साहित्य: भरायचं सिमेंट, कंपोझिट, बाँडिंग, दातांचा ठसा घ्यायचं आल्जिनेट. आल्जिनेट कालवताना पाणी कोमट घेतलं तर ते भराभर घट्ट होतं, ट्रे तोंडात जायच्या आधीच. गार पाणी थोडा वेळ देतं. आणि रुग्णाला उमळून आलं तर त्याला सरळ बसवून मान जराशी पुढे करायला सांगायचं, श्वास नाकाने घ्यायला लावायचा आणि बोलत राहायचं. हे सगळं पुस्तकातही असतं, पण हाताला वळण लागतं ते कालवून कालवूनच.

आणि मग खुर्चीशेजारचं काम. माझ्या मते सगळ्या शिक्षणाचा जीव इथे आहे, म्हणून थोडं थांबून लिहितो.

डॉक्टर आणि मदतनीस समोरासमोर बसतात, मध्ये रुग्ण आडवा. मदतनीसाचं स्टूल डॉक्टरांपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, म्हणजे डॉक्टरांच्या हाताआड न जाता तोंडात दिसतं. जागेची विभागणी घड्याळाच्या आकड्यांवरून शिकवतात. रुग्णाचं डोकं बारा वाजता धरायचं. डॉक्टर उजवे असतील तर सात ते बारा त्यांचं, दोन ते चार मदतनीसाचं, आणि चार ते सात ही हत्यारांच्या देवाणघेवाणीची जागा, रुग्णाच्या हनुवटीखाली आणि छातीच्या वर. चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून एकही हत्यार न्यायचं नाही.

डॉक्टरांची नजर दातावरून हलत नाही. त्यांचा हात जरा मागे येतो, एवढीच खूण. त्याच क्षणी मदतनीसाने करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने जुनं हत्यार काढून घ्यायचं आणि अंगठा-तर्जनीतलं नवं हत्यार त्यांच्या बोटांत ठेवायचं. टोक आधीच योग्य दिशेला वळलेलं हवं, वरचा दात असेल तर वर, खालचा असेल तर खाली. हे जमलं की डॉक्टरांना काही मागावंच लागत नाही. पुढची पायरी कोणती हे मदतनीसाला आधीच ठाऊक असतं आणि ट्रे त्याच क्रमाने लावलेला असतो.

आता डावखुरेपणाचं. उजव्या डॉक्टरांच्या समोर बसलेला मदतनीस हत्यारं डाव्या हाताने देतो, उजव्या हातात सक्शन धरतो. म्हणजे उजव्या हाताच्या मुलांना डावा हात नव्याने तयार करावा लागतो आणि तुमच्या भाच्याचा तो तयारच आहे. त्याला सक्शनसाठी उजवा हात बसवावा लागेल, पण त्यात स्थिरपणा लागतो, चपळाई नाही. उजव्या डॉक्टरांबरोबर त्याला अडचण येणार नाही. डॉक्टर डावखुरे असले की सगळी मांडणी उलटी होते आणि तेव्हा कोणालाही सवय करावीच लागते.

अनुराधा_क

सह्यकडा, किती मनापासून लिहिलंत! त्याला फोनवर भाषांतर करून सांगितलं. डावखुरेपणाचं ऐकून तो एवढा खूश झाला की लगेच आईला सांगायला धावला. दातांचे क्रमांक पाठ करायला बसलाय.

डॉ_मीनल

मी अमेरिकेत दंतवैद्य आहे, स्वतःचं क्लिनिक आहे. सैन्यातून आलेले मदतनीस मी कामावर ठेवले आहेत, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहिते.

आधी हायजिनिस्टचं, कारण तिथे चुकीची समजूत करून दिली गेली आहे. डेंटल असिस्टंट आणि डेंटल हायजिनिस्ट हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. हायजिनिस्टला परवाना लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त हायजीन प्रोग्रॅमची पदवी, राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा आणि राज्याच्या अटी. गोंधळ होतो तो अशामुळे: आर्मीत ६८ई झाल्यावर काही जणांना प्रतिबंधक दंतचिकित्सेचं जादा प्रशिक्षण मिळतं, त्याला एक्स२ म्हणतात. ते जवान सैन्याच्या क्लिनिकमध्ये दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात साफ करतात, स्केलिंग करतात. काम तेच दिसतं, पण गणवेश उतरला की ते करायची परवानगीही संपते. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या एका हुशार मुलीला हे माझ्याच खुर्चीसमोर कळलं आणि तिचा चेहरा पडलेला मला अजून आठवतो. वर्षानुवर्षं तिने उत्तम स्केलिंग केलं होतं. मी तिला ते करू देऊ शकत नव्हते.

तेव्हा भाच्याला हायजिनिस्ट व्हायचं असेल तर जरूर व्हावं, पण जीआय बिल वापरून रीतसर पदवी घेऊन. रसायनशास्त्र, शरीररचनाशास्त्र असे पूर्वतयारीचे विषय तो नोकरीत असतानाच संध्याकाळी करू शकतो.

असिस्टंट म्हणून मात्र बाहेर किंमत आहे, आणि चांगली आहे. डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड, म्हणजे डॅनबी, सर्टिफाइड डेंटल असिस्टंट ही परीक्षा घेतं. तिचे तीन भाग: किरणोत्सर्ग सुरक्षा, संसर्ग नियंत्रण आणि खुर्चीशेजारचं काम. शाळेच्या मार्गाने न जाता कामाच्या अनुभवावर बसायचं असेल तर ३५०० तासांचा अनुभव आणि चालू सीपीआर प्रमाणपत्र लागतं. सैन्यात पूर्णवेळ काम करणाऱ्याचे तेवढे तास दोन वर्षांत सहज भरतात. परीक्षा सेवेत असतानाच द्यावी. बाहेर पडल्यावर देऊ म्हटलं की ती मागे पडते.

राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, विशेषतः एक्स-रेचे. सैन्यात हजारो एक्स-रे काढले असले तरी राज्याचं प्रमाणपत्र मागितलं तर ते दाखवावंच लागतं. अनेक राज्यांत डॅनबीचा किरणोत्सर्गाचा भाग उत्तीर्ण असणं ग्राह्य धरतात, म्हणून तो एक भाग तरी आधी उरकावा.

सैन्यातून आलेल्या मुलांमध्ये मला सर्वांत आवडते ती निर्जंतुकीकरणाची शिस्त. ती त्यांच्या हाडात मुरलेली असते.

उत्तररात्र

डॉ. मीनल, त्या शिस्तीबद्दल मीच लिहायला आलो होतो. मी एअर फोर्समध्ये होतो, तिथे या ट्रेडचा कोड ४वाय०. बेसिक लॅकलंडला, साडेसात आठवडे, आणि लॅकलंडही सॅन अँटोनियोतच, त्यामुळे पुढच्या शाळेसाठी फार लांब जावं लागत नाही. आमच्याकडे शाळेतून बाहेर पडलेला तिसऱ्या पातळीचा शिकाऊ समजला जातो. मग युनिटमध्ये काम करत, लेखी अभ्यासक्रम पुरा करत, प्रत्येक कौशल्यावर वरिष्ठाची सही घेत पाचव्या पातळीवर जायचं. शाळा पाया घालते. खरं शिक्षण पहिल्या क्लिनिकमध्ये होतं, आणि हे आर्मीलाही लागू आहे.

नवीन माणसाला बहुधा आधी हत्यारांच्या खोलीत घालतात. मुलं हिरमुसतात. खुर्चीशेजारी बसायला आलो आणि भांडी घासायला लावली, असं त्यांना वाटतं. भाच्याला आधीच सांगून ठेवा की ती खोली म्हणजे शिक्षा नाही. तिथे चूक झाली तर ती एका रुग्णापुरती राहत नाही.

तिथलं काम असं. वापरलेली हत्यारं येतात. तपासणीचे पातळ हातमोजे तिथे चालत नाहीत, जाड, टोक न घुसणारे मोजे घालायचे. हत्यारं हाताने घासायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही, अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकायची, कारण सुईचं किंवा स्केलरचं टोक बोटात जाण्याचा धोका घासतानाच जास्त. धुऊन, वाळवून एकेक तपासायचं. रक्ताचा किंवा सिमेंटचा कण राहिला असेल तर वाफ तिथे पोचत नाही, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालूनही ते हत्यार निर्जंतुक नाही. बिजागरीची हत्यारं उघडी ठेवायची. मग पाकिटं, तारीख, यंत्राचा क्रमांक. ऑटोक्लेव्ह ठासून भरायचा नाही, पाकिटांमधून वाफ फिरली पाहिजे. १२१ अंश सेल्सियसला वेळ जास्त लागतो, १३२च्या वर काही मिनिटांत होतं.

पाकिटावरची पट्टी रंग बदलते ती एवढंच सांगते की उष्णता लागली. जंतू मेले की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा बीजाणूंची चाचणी. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू घातलेली कुपी यंत्रात ठेवतात. उष्णतेला सर्वांत चिवट असलेले हे बीजाणू मेले, तर बाकीचे मेले असं धरता येतं. चाचणी चुकली तर ते यंत्र बंद, आणि त्या यंत्रातून निघालेली पाकिटं परत मागवायची. पाकिटावर तारीख आणि क्रमांक का लिहायचा, ते त्या दिवशी नीट कळतं.

खुर्चीपाशीही तसंच. दोन रुग्णांच्या मध्ये हँडपीसमधून (ड्रिलच्या दांड्यातून) वीस-तीस सेकंद पाणी आणि हवा सोडायची. सुईला टोपण दोन हातांनी लावायचं नाही, टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची. हे नियम घाईत सुटतात, म्हणून प्रशिक्षक घाई मुद्दाम निर्माण करतात. वर्गात ओरडा बसला तर भाच्याने तो मनावर घेऊ नये, पण नियम मात्र मनावर घ्यावा.

नभांगण

ही बाजू मला माहीत नव्हती, धन्यवाद. आता एक्स-रेबद्दलही लिहा ना कोणीतरी. शिकताना मुलं एकमेकांवर एक्स-रे काढतात का? रोज त्या यंत्रापाशी उभं राहणं धोक्याचं नाही का?

डॉ_मीनल

नाही, केवळ सरावासाठी माणसावर एक्स-रे काढायचा नसतो. सराव खरे दात बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर होतो. माणसाचा एक्स-रे दंतवैद्याने निदानासाठी सांगितला असेल तरच.

धोका नियम पाळले तर अत्यल्प. भिंतीआड उभं राहायचं. भिंत नसेल तर निदान सहा फूट लांब आणि किरणांच्या रेषेपासून ९० ते १३५ अंशांच्या कोनात. सेन्सर रुग्णाच्या तोंडात आपल्या हाताने धरून कधीही एक्स-रे काढायचा नाही. कोन चुकला की दात लांब किंवा आखूड दिसतो, शेजारच्या दातावर चढलेला दिसतो, मग एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणजे रुग्णाला दुप्पट मात्रा. पहिल्याच प्रयत्नात नीट काढणं हीच खरी सुरक्षितता. चांगला एक्स-रे काढणारा मदतनीस मिळाला की डॉक्टर त्याला सोडत नाही.

अनुराधा_क

सगळ्यांचे आभार. बहिणीचा एक प्रश्न उरतोच, आणि तो ती विचारत नाही, मीच विचारते. दातांचं काम म्हणजे क्लिनिकमध्ये सुरक्षित, असं ती स्वतःला समजावतेय. ते कितपत खरं आहे?

सह्यकडा

बऱ्याच अंशी खरं, पूर्ण नाही. ताई, तिला खोटा दिलासा देऊ नका.

बहुतेक काळ तो एखाद्या तळावरच्या क्लिनिकमध्ये असेल, ठरलेल्या वेळात. पण तो सैनिक आहे आणि तुकडी बाहेर गेली तर दंतपथकही जातं. घडीची खुर्ची, पेटीत मावणारं ड्रिलचं युनिट, जनरेटरची वीज, तंबू. दात दुखणारा सैनिक ना झोपू शकतो ना पहारा देऊ शकतो, आणि त्याला उपचारासाठी मागे पाठवायचं म्हणजे वाहन आणि सोबत माणसं. म्हणून तर आर्मीने १९११ साली स्वतःचा डेंटल कोअर उभा केला.

त्याच कारणाने प्रत्येक सैनिकाच्या दातांची वर्गवारी ठेवतात. पहिला वर्ग म्हणजे उपचार नकोत. दुसरा म्हणजे थोडे हवेत पण वर्षभरात अडचण येईल असं दिसत नाही. तिसरा म्हणजे वर्षाच्या आत आणीबाणी उद्भवेल. चौथा म्हणजे तपासणीच बाकी. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातला सैनिक मोहिमेवर जायला तयार मानला जात नाही. तुमचा भाचा रोज माणसांना तिसऱ्यातून वर आणायचं काम करणार आहे. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. दाढ सुजलेला मुलगा मान खाली घालून यायचा आणि तासाभराने हात मिळवून जायचा.

अक्कलदाढांच्या शस्त्रक्रिया भरपूर असतात, रक्ताची सवय होते. सुरुवातीला कोणाकोणाला घेरी येते. तसं वाटलं तर लगेच बोलायचं आणि बसायचं, कोणी नावं ठेवत नाही.

उत्तररात्र

कागदपत्रांचं राहिलं. बाहेर पडताना आर्मीवाल्यांना जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट मिळते, कॉलेजात क्रेडिटसाठी ती लागते. एअर फोर्सची नोंद आमच्या कम्युनिटी कॉलेजकडे असते. पण कामाचे तास, कोणकोणती कामं केली, कोणाच्या देखरेखीखाली, याचं पत्र क्लिनिकच्या दंतवैद्याकडून बदली व्हायच्या आधीच घ्यायचं. एकदा ते अधिकारी दुसऱ्या तळावर गेले की सही मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो.

अनुराधा_क

हे सगळं लिहून काढलंय. एक छोटी गोष्ट. त्याच्या खालच्या दातांना अजून तारा आहेत. वैद्यकीय तपासणीत ऑर्थोडॉन्टिस्टचं पत्र मागितलंय म्हणे. बहिणीला वाटतंय नुसती औपचारिकता आहे, जायच्या आठवड्यात देऊ.

डॉ_मीनल

अनुराधाताई, ती औपचारिकता नाही! उपचार चालू असलेल्या तारा तोंडात असताना बेसिकला पाठवत नाहीत. करार करून नाव नोंदवता येतं, पण सक्रिय सेवेत जायच्या आधी उपचार पूर्ण होतील असं ऑर्थोडॉन्टिस्टने लिहून द्यावं लागतं आणि तारा खरोखर निघालेल्या असाव्या लागतात. नुसता रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा) असेल तर चालतो. तारा राहिल्या तर जायची तारीख पुढे ढकलली जाते, आणि तारीख गेली की एआयटीतली त्याची ठरलेली जागाही जाऊ शकते.

उद्याच फोन करून अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. तारा कधी काढता येतील ते स्पष्ट विचारा. उपचार अर्धवट तोडून घाईने तारा काढायला लावू नका, दात परत सरकतात. वेळ लागणार असेल तर रिक्रूटरकडून तारीख आत्ताच पुढची घ्या. तिथेच अक्कलदाढांचाही एक्स-रे बघून घ्या. काढायची वेळ असेल तर जायच्या निदान दोन महिने आधी काढा, जखम पूर्ण भरायला हवी, आणि काढल्याचा कागद तपासणी केंद्राकडे द्या.

अनुराधा_क

बरं झालं विचारलं. बहिणीला आत्ताच फोन लावते. ऑर्थोडॉन्टिस्टकडून काय कळतंय ते इथे लिहीन.